इंजेक्शन बसवलं, पण पेट्रोल पोचवायचं कसं?

जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीला इंजेक्शन, म्हणजे दाबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा, बसवायचं म्हटलं की गप्पा रंगतात त्या थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग), सेन्सर आणि लॅपटॉपवरच्या ट्यूनिंगच्या. ते सगळं बोनेटखाली असतं, दिसतं, मिरवता येतं. माझा जीव मात्र गाडीच्या पोटाखालच्या तीन मीटरमध्ये अडकला होता. टाकीतून पेट्रोल काढून ते योग्य दाबाने इंजिनापर्यंत कसं न्यायचं, हे ठरवायला थ्रॉटल बॉडी निवडण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला.

गाडी आहे १९७१ ची एमजीबी रोडस्टर. १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन, एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर आणि मागच्या ॲक्सलच्या पुढे, उजव्या बॅटरीच्या पेटीशेजारी, टिकटिक करणारा एसयूचाच इलेक्ट्रिक पंप. या इंजिनाच्या हेडला चार सिलिंडरना मिळून इन्टेकची दोनच तोंडं आहेत. दोन-दोन सिलिंडर एका तोंडातून श्वास घेतात. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर द्यायला गेलं तर शेजारचा सिलिंडर त्याचं पेट्रोल पळवतो, आणि ते टाळायला फवाऱ्याची वेळ फार काटेकोर साधावी लागते. त्या भानगडीत न पडता मी कार्ब्युरेटरच्या जागी बसणारी एकच थ्रॉटल बॉडी घेतली. तिचा इंजेक्टर बटरफ्लायच्या (हवा अडवणाऱ्या फिरत्या झडपेच्या) अलीकडे, एअर फिल्टरच्या बाजूला फवारतो. हा बारीक तपशील पुढे रेग्युलेटर, म्हणजे पेट्रोलचा दाब ठरल्या आकड्यावर राखणारी झडप, निवडताना फार कामाला आला.

थ्रॉटल बॉडीला हवा होता ३ बार दाब, म्हणजे सुमारे साडेत्रेचाळीस पीएसआय. जुना एसयू पंप देतो जेमतेम तीन पीएसआय. म्हणजे चौदा-पंधरा पट फरक. तेव्हा नवा पंप लागणार हे उघडच होतं. प्रश्न होता कोणता आणि कुठे.

"कोणता" याचं उत्तर बहुतेक जण आकडा फेकून देतात: तासाला २५५ लिटरवाला घे, डोक्याला ताप नाही. मी कागदावर हिशेब मांडला. पेट्रोल इंजिन पूर्ण जोरावर असताना एका हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण अर्धा पौंड, म्हणजे २२७ ग्रॅम पेट्रोल खातं. टर्बो असेल तर जास्त, पण माझ्याकडे टर्बो नाही. माझं इंजिन ९५ हॉर्सपॉवरचं. म्हणजे तासाला साडेएकवीस किलो. पेट्रोलची घनता ०.७४ धरली तर २९ लिटर. वर पंचवीस टक्के हात राखून ठेवला तरी ३६. आणि हे ॲक्सिलरेटर तळाला टेकवून सतत पळवली तर. साध्या हमरस्त्यावर ऐंशीच्या वेगाने जाताना ही गाडी तासाला सहा-साडेसहा लिटरवर भागवते.

मग २५५ लिटरचा पंप बसवला तर उरलेल्या दोनशेहून अधिक लिटरचं काय होणार? ते रेग्युलेटरमधून वळून परत मागे जाणार, पुन्हा पंपात येणार, पुन्हा वळणार. दर फेरीत थोडी उष्णता घेणार. शिवाय एवढा ओघ छोट्या रेग्युलेटरमधून आणि बारीक रिटर्न पाइपमधून जायला तयार नसतो, मग तो तुंबतो आणि दाब ठरवलेल्या आकड्याच्या वर चढून बसतो. मी लहान हॅचबॅकच्या टाकीत असतो तसला पंप घेतला, ३ बारला तासाला शंभर लिटरच्या आसपास देणारा. इथे एक सांगून ठेवतो: पंपाच्या खोक्यावरचा आकडा बऱ्याचदा शून्य दाबाचा असतो. आपल्याला बघायचा असतो तो आलेख, आपल्या दाबाला आणि आपल्या व्होल्टेजला पंप किती देतो ते सांगणारा. साडेतेरा व्होल्टला भरपूर वाहणारा पंप बारा व्होल्टला बराच मंदावतो.

एवढ्यात "कोणता" संपलं. खरी गुंतागुंत "कुठे" मध्ये होती.

हे इंजेक्शनचे पंप ढकलायला दांडगे, पण ओढायला अगदीच कच्चे. त्यांच्या तोंडाशी पेट्रोल आपणहून यायला हवं, थंड आणि बुडबुड्यांशिवाय. ओढायला लावलं की तोंडाशी दाब घटतो, गरम पेट्रोलची तिथेच वाफ होते, पंप वाफ घोटत बसतो आणि करकरायला लागतो. कार्ब्युरेटरला या लाडांची गरज नसते, कारण त्याच्या पोटात फ्लोट चेंबर असतो. नळाचं पाणी मधेच गेलं तरी वरच्या टाकीमुळे घरातलं काम अडत नाही, तसं तो चेंबर पुरवठ्यातले खड्डे भरून काढतो. इंजेक्शनला अशी वरची टाकी नाही. रेलमध्ये (इंजेक्टरला पेट्रोल देणाऱ्या नळीत) हवा आली की इंजेक्टर हवाच फवारणार आणि इंजिन त्याच क्षणी आचका देणार.

माझ्या टाकीतून हवा येते का, हे आधी बघायचं होतं. कार्ब्युरेटर अजून जागेवरच होते, तेव्हा टाकी आणि एसयू पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती घातली, शेजारी छोटा कॅमेरा बांधला आणि मोकळ्या जागेत टाकी पाव भरलेली असताना मोठे गोल मारले. नंतर व्हिडिओ पाहिला. सरळ चालताना नळी स्वच्छ पिवळसर. एका बाजूच्या लांब वळणात सुरुवातीला मोहरीएवढे दोन-चार बुडबुडे, मग त्यांची माळ, आणि वळण संपता संपता बोटाच्या पेराएवढा हवेचा तुकडा सावकाश पंपाकडे सरकताना दिसला. इंजिनाला याचा पत्ताही नव्हता. फ्लोट चेंबरने सगळं पोटात घातलं होतं. जुन्या टाक्यांत पेट्रोल हिंदकळू नये म्हणून आडवे पडदे नसतात, किंवा असले तरी नावापुरते. त्या काळी त्यांची गरजच नव्हती. (ती पारदर्शक नळी लगेच काढून टाकली. पेट्रोलमध्ये ती कडक होते, तडकते. बघण्यापुरतीच.)

त्या व्हिडिओने पहिला पर्याय निकालात काढला: टाकीबाहेर, टाकीजवळ एक मोठा पंप लावून थेट ३ बार पुढे पाठवायचे. हा सगळ्यात सोपा मार्ग, आणि इंजेक्शनच्या पहिल्या पिढीत कारखान्यांनीही तोच वापरला होता. बॉशचं डी-जेट्रॉनिक १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या टाइप ३ वर आलं तेव्हा पंप टाकीबाहेरच होता, दाब साधारण दोन बार. पण तिथे टाकी, तिचं तोंड, परतीचा पाइप, सगळं एकमेकांना धरून बेतलेलं होतं. माझी टाकी तशी नव्हती. शिवाय बाहेरचे पंप आवाज करतात, आणि छप्पर उघड्या गाडीत सीटमागे सतत घूंऽऽ ऐकत बसायची माझी तयारी नव्हती.

दुसरा पर्याय, पंप टाकीतच बुडवायचा. तत्त्वतः हाच सर्वोत्तम. पंप पेट्रोलमध्ये बुडलेला असल्याने थंड राहतो, आवाज कोंडला जातो, ओढायचा प्रश्नच मिटतो. हल्लीच्या जवळपास सगळ्या गाड्यांत पंप टाकीत असतो तो उगाच नाही. बाजारात जुन्या टाकीला वरून भोक पाडून बसवायची तयार मॉड्यूल मिळतात. काहींमध्ये पंपाभोवती स्पंजची बादली असते, काहींत तळाला पसरायची, पेट्रोल शोषून धरणारी चटई. मी जवळजवळ तेच घेणार होतो. मग टाकीखाली आडवा होऊन टेप लावला. एमजीबीची टाकी बुटाच्या (डिकीच्या) तळाला खालून चिकटून बसते आणि ती चपटी आहे. मॉड्यूलचं डोकं, त्यातून निघणारे पाइप आणि वायरी यांना वर जी जागा लागते ती मिळवायला बुटाचा पत्रा कापावा लागला असता. पन्नास वर्षं धड राहिलेल्या पत्र्याला मी करवत लावणार नव्हतो. पेट्रोल मोजणारा सेंडर टाकीच्या उभ्या अंगावर आहे, त्या भोकातूनही पंप नीट उभा राहत नाही.

उरला सर्ज टँक. याला स्वर्ल पॉटही म्हणतात. मी पॉटच म्हणतो. कमी दाबाचा एक पंप टाकीतून पेट्रोल उपसून लिटरभराच्या छोट्या उभ्या डब्यात भरत राहतो. जास्तीचं पेट्रोल आणि आलेली हवा डब्याच्या अगदी वरच्या तोंडातून परत टाकीत. डब्याच्या आत तळाशी मोठा पंप, ज्याच्या तोंडाशी कायम पेट्रोलच असतं. म्हणजे फ्लोट चेंबर इंजिनावरून उचलून मागे नेल्यासारखं.

या मांडणीत एक गोष्ट आपसूक जुळून आली. कमी दाबाचा पंप माझ्याकडे आधीच होता! एसयूचा नळ मापाच्या भांड्यात सोडून पाहिला तर मिनिटाला लिटरभर, म्हणजे तासाला साठ. इंजिनाची कमाल भूक २९. म्हणजे दुप्पट. जुना पंप जुन्या जागी, जुनी टिकटिक कायम. एकच फरक पडला. पूर्वी फ्लोट चेंबर भरले की तो थांबून राहायचा. आता पॉटमधून पेट्रोल सतत परत वाहत असल्याने तो अखंड चालतो. पॉइंट (उघडझाप करणारे विजेचे संपर्क) असलेला पंप अशा राबवणुकीत लवकर झिजला असता, म्हणून त्याच ठेवणीचा, आत पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक स्विच असलेला बसवला.

पॉट ठेवायचा कुठे? इंजिनाजवळ नाही, हे पक्कं होतं. बी-सिरीजला इन्टेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत. थ्रॉटल बॉडीच्या पोटाखालीच एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणारा ओतीव पाइप, तापलेला असतो. बुटात ठेवला तर वास आणि गळतीची धास्ती. माझ्या गाडीला सीटमागे दोन पेट्या आहेत, मुळात सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांसाठी. मी एकच बारा व्होल्टची बॅटरी डाव्या पेटीत बसवलेली होती, उजवी रिकामी. एसयू पंप तिच्या शेजारीच. पेटी खालून उघडी असल्याने काही गळलंच तर रस्त्यावर पडेल, साचणार नाही. वरच्या झाकणाला नवं रबर लावून ती केबिनपासून बंद केली आणि खालून खडी लागू नये म्हणून जाड पत्रा दिला. बॅटरी आणि पेट्रोल इतकं जवळ असणं काहींना खटकतं. मलाही खटकत होतं, म्हणून त्या पेटीत वायरचा एकही उघडा जोड ठेवलेला नाही.

आता रेग्युलेटर. तो पुढे इंजिनाजवळ लावून जास्तीचं पेट्रोल परत आणायचं, की मागेच लावून पुढे एकच पाइप न्यायचा? ज्या इंजिनांत इंजेक्टर बटरफ्लायच्या पलीकडे फवारतात, तिथे इन्टेक मॅनिफोल्डमधल्या (हवा आत नेणाऱ्या पाइपातल्या) व्हॅक्यूमनुसार रेलचा दाब कमी-जास्त व्हावा लागतो, म्हणून रेग्युलेटर पुढे ठेवून त्याला व्हॅक्यूमची नळी जोडणं सोयीचं. आयडलला (गाडी उभी, इंजिन मंद चालू असताना) व्हॅक्यूम ०.६ बार असेल तर ३ बारचा रेग्युलेटर रेलमध्ये २.४ ठेवतो, म्हणजे इंजेक्टरच्या दोन्ही टोकांतला फरक तीनच राहतो. माझा इंजेक्टर अलीकडे, बाहेरच्या हवेच्या दाबात फवारतो. त्याला व्हॅक्यूमशी देणंघेणं नाही. रेग्युलेटर कुठेही चालणार होता.

तरी मी बरेच दिवस घुटमळलो. पुढून रिटर्न असला तर गाडी गरम असताना चावी फिरवल्यावर पाइपमधलं तापलेलं पेट्रोल परत जाऊन ताजं येतं, हा मोठा फायदा. पण ते तापलेलं पेट्रोल जाणार कुठे? लिटरभराच्या पॉटमध्ये. तासाला शंभर लिटर फिरवणारा पंप एक लिटरचा पॉट ३६ सेकंदांत एकदा रिकामा करून भरतो. म्हणजे तेच पेट्रोल मॅनिफोल्डच्या आचेवरून मिनिटाला दीडदा फिरून येणार. उलट रेग्युलेटर पॉटजवळच ठेवला तर पॉटमध्ये उष्णता येते ती फक्त पंपाची. पंप घेतो सुमारे चार अँपिअर, म्हणजे पंचावन्न वॅटच्या आसपास. एसयूचे तासाला साठ लिटर पॉटमधून वाहत असताना एवढ्या वॅटने पेट्रोल दोनेक अंशच तापतं आणि ती उष्णताही मोठ्या टाकीत निघून जाते. हिशेब मांडल्यावर वाद मिटला. रेग्युलेटर मागे, पुढे एकच पाइप.

पाइपच्या बाबतीत मी जरा कर्मठ आहे. टाकी ते एसयू ते पॉट हा भाग कमी दाबाचा, तिथे ३०आर७ जातीचा रबरी होज चालतो. पॉटनंतर ३०आर९, इंजेक्शनच्या दाबासाठीचा. आणि पॉटच्या आत, जिथे होज बाहेरूनही पेट्रोलमध्ये बुडतो, तिथे ३०आर१० शिवाय दुसरं काही नाही. आर९ चं बाहेरचं रबर पेट्रोलमध्ये राहायला बनवलेलंच नसतं. ते फुगतं, मऊ होतं आणि त्याचे कण पंपात जातात. आर१० चा तळहाताएवढा तुकडा घ्यायचा तर किंमत ऐकून हात आखडतो, पण लागतो तेवढाच. पुढपर्यंत ८ मिलिमीटरचा तांबे-निकेल मिश्रधातूचा पाइप टाकला. निव्वळ तांब्याचा नको, तो थरथरीने कडक होऊन चिरतो. पाइपच्या टोकांना फुगवटा काढून घेतला. तीन पीएसआयला गुळगुळीत टोकावर नुसता क्लॅम्प आवळून भागायचं, ३ बारला होज निसटू शकतो. क्लॅम्पही कडा वळवलेले, होजला न कापणारे. एसयूच्या आधी १०० मायक्रॉनची जाळी, मोठ्या पंपानंतर १० मायक्रॉनचा फिल्टर. हा बारीक फिल्टर पंपाच्या आधी लावणारे लोक आहेत. मग पंपाचा घसा आवळला जातो आणि दोष पंपाला मिळतो.

टाकीला परतीच्या पेट्रोलसाठी तोंड हवं होतं. जुन्या टाकीत पेट्रोलची वाफ वर्षानुवर्षं मुरलेली असते. धुतली तरी तिला वेल्डिंग किंवा ब्रेझिंगची ज्योत लावणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. आत गंजही होता. म्हणून नवी टाकी घेतली आणि तिला पेट्रोलचा थेंब लागण्याआधीच वरच्या अंगाला तोंड ब्रेझ करून घेतलं, ओढायच्या तोंडापासून लांब, म्हणजे परत आलेला फेस लगेच पुन्हा ओढला जाणार नाही.

वायरिंग थोडक्यात. जुनी पांढरी ल्यूकस वायर पंपाला थेट वीज द्यायची. आता तिला फक्त रिले चाळवायचं काम आहे. दोन्ही पंपांना बॅटरीवरून जाड वायर, १५ अँपिअरचा फ्यूज, आणि धडकेत वीज तोडणारा इनर्शिया स्विच. हा स्विच ऐच्छिक समजू नका. तीन पीएसआयची गळती ठिबकते, ३ बारची पिचकारी उडते. रिले ईसीयूच्या (इंजेक्शन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या) ताब्यात: चावी दिली की दोन सेकंद पंप, मग इंजिन फिरेपर्यंत बंद, इंजिन थांबलं की बंद. पहिल्यांदा रिकामा पॉट भरायला हे दोन सेकंद अर्थातच पुरले नाहीत. रिलेला तार लावून एसयू वाजू दिला, परतीच्या पाइपातून खळखळ ऐकू येईपर्यंत.

इंजिन चालू करण्याआधी पुढचा पाइप भांड्यात सोडून, टोकाला झडप लावून दाब ३ बारवर धरला आणि प्रवाह मोजला. मिनिटाला दीड लिटरच्या थोडं वर. मग दाबाचा गेज शेजारी बसलेल्या मित्राच्या हातात देण्याऐवजी वायपरच्या पात्याखाली काचेबाहेर अडकवला, कारण केबिनमध्ये पेट्रोल भरलेली नळी आणायची नव्हती. टाकी पुन्हा पाव, पुन्हा तेच गोल. ज्या वळणात पूर्वी हवेचा तुकडा सरकला होता तिथे एसयूची लय बदलली. एरवीची टिक... टिक... एकदम टिकटिकटिक अशी धावायला लागली, म्हणजे तो हवा ओढत होता. गेजचा काटा तीनवर जागचा हलला नाही. वळण संपलं, दोन श्वासांत टिकटिक पुन्हा संथ. पॉटमधलं लिटरभर पेट्रोल हमरस्त्याच्या वेगाला नऊ-दहा मिनिटं आणि पूर्ण जोरावर दोन मिनिटं पुरतं. इतकं लांब वळण अजून कुणी बांधलेलं नाही.

एकच पाइप पुढे नेण्याची किंमत गरम स्टार्टला मोजावी लागते, ती लपवत नाही. लांब पल्ला मारून गाडी पंधरा मिनिटं उभी केली की मॅनिफोल्डची आच वर चढते आणि थ्रॉटल बॉडीजवळच्या पाइपमधलं पेट्रोल तापून बसतं. रिटर्न नसल्याने ते जळूनच संपावं लागतं. पाइपमध्ये सगळं मिळून ऐंशी-पंच्याऐंशी मिलिलिटर मावतं, आयडलला ते बदलायला चार-पाच मिनिटं जातात, चालू लागली की मिनिटभरही नाही. सुरुवातीला इंजिन थोडं अडखळायचं. मॅनिफोल्ड आणि थ्रॉटल बॉडीमध्ये उष्णतारोधक पत्रा घातला, शेवटचा हातभर पाइप मॅनिफोल्डवरून न नेता रेडिएटरच्या बाजूने वळवला आणि त्यावर चकचकीत बाही चढवली. आता चावी दिली की चालू होते. फार उकाड्याच्या दिवशी पहिले काही क्षण आयडल जरा खाली बसतो.

तुमच्या गाडीची टाकी खोल असेल, वरून हात घालायला जागा असेल, तर पॉटच्या वाटेला जाऊ नका. पंप सरळ टाकीत टाका आणि त्याच्याभोवती पेट्रोल धरून ठेवणारी बादली किंवा चटई तेवढी विसरू नका. आणि एमजीबीच असेल पण बंद छपराची जीटी, तर मागची पेटी वापरण्याआधी तिच्या झाकणाच्या रबरावर नीट वेळ घालवा, कारण त्या गाडीत सीटमागची आणि सामानाची जागा एकच असते आणि आलेला वास बाहेर जायला उघडं छप्पर नसतं.